पंचांनी विचारलं होतं

ते सामना कधी बसून बघत नसत. मैदानाच्या कोपऱ्यात, चुन्याच्या दोन रेषा जिथे मिळतात तिथे, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि मान खाली घालून बघायचे. नवख्या माणसाला वाटावं, ह्यांचं काहीतरी पडलंय, ते शोधताहेत. ते पाय बघत असत. कुठल्या खेळाडूचं तोंड त्यांनी कधी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. गल्लीतली पोरं ते पायांवरून ओळखायचे. जिन्यात अंधार असायचा, वरून कोणी उतरताना चाहूल लागली की विचारायचे, "कोण रे? डावा पाय उशिरा टाकणारा काय?" तो डावा पाय उशिरा टाकणारा म्हणजे मी.

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे पंच म्हणायचे. गिरणीत ते साचेखात्यात माग चालवत. पण ती त्यांची ओळख नव्हती. परळपासून काळाचौकीपर्यंत कुठल्याही मंडळाचे कबड्डीचे सामने असले की हे पंच, आणि कोणी पंच म्हणून बोलावलं नाही तर प्रेक्षक. सामन्याच्या दिवशी पहाटे मैदानात जाऊन मूठभर माती उचलून हुंगायचे. "आज ओली आहे, गुडघे सांभाळा," असा निरोप दोन्ही संघांना जायचा. गळ्यात शिट्टी कायम. आंघोळीपुरती ती उतरायची आणि देवाच्या फळीवर जायची. त्यांची बायको, आमच्या काकी, मालवणीत करवादायच्या, "हळद-कुंकू देवाक वाहूचा की शिट्टीक, ता एकदा सांगून टाका."

मागच्या काही वर्षांत मी त्यांच्याविषयी पुष्कळांना पुष्कळ सांगितलं. गमती सांगितल्या, हशा मिळवला. एक गोष्ट मात्र वगळून सांगत आलो. आशियाई स्पर्धेत कबड्डीत इराणनं आपल्याला हरवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकींचा फोन आला, आणि ती गोष्ट वगळणं संपलं.

"काल दुपारपासून अन्नाक शिवले नाय रे," काकी म्हणाल्या. "खाटेर बसले आसत, भिंतीकडे तोंड करून. तू ये. तुझा ऐकतत ते."

माझं ऐकतात. काकींच्या तोंडून हे यावं, यासारखी शिक्षा नाही. का, ते सांगतो.

कबड्डीत चढाई करणारा समोरच्यांच्या अंगणात शिरतो, कोणाला तरी हात नाहीतर पाय लावतो आणि दम न सोडता परत येतो. ज्याला लागलं तो बाद. पण तो स्पर्श कधी कधी इतका निसटता असतो की पंचाला दिसत नाही, प्रेक्षकांना दिसत नाही. तो दोघांनाच कळतो, लावणाऱ्याला आणि ज्याला लागला त्याला. अशा वेळी दुसरे पंच अंदाजानं शिट्टी फुंकायचे. हे तसं करत नसत. हे त्या गड्यापुढे जाऊन उभे राहायचे, त्याच्या पायांकडे बघायचे आणि एकदाच विचारायचे, "लागलं का?" तो हो म्हणाला तर बाद. नाही म्हणाला तर खेळात. पुढे चर्चा नाही.

"आणि पंच, तो खोटं बोलला तर?" असं त्यांना मी स्वतः एकदा विचारलं होतं, शाळेत असताना.

"बोलला तर ते त्याच्यापाशी राहील. मी कशाला माझ्यापाशी ठेवून घेऊ?"

त्यांची ही पद्धत मैदानापुरती नव्हती. गॅलरीतली काच फुटली, नळावर कोणाची कळशी कोणी सरकवली, की बायका म्हणायच्या, पंचांना बोलवा. हे यायचे, पोरांच्या रांगेपुढून पाय बघत चालत जायचे आणि एकापुढे थांबून विचारायचे. थापाडी म्हणून गाजलेली पोरंही त्यांच्यापुढे हो म्हणून टाकायची. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. फक्त हात वर करून दाराकडे दाखवायचे. बाद. मग ते पोर गॅलरीतल्या बाकावर जाऊन बसायचं, आणि त्यांनी आत बोलावेपर्यंत हलायचं नाही. आम्हाला त्या बाकाची गंमत वाटायची. मीही बसलोय. तेव्हा दर वेळी आत बोलावलं गेलं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्या चौकात सभा झाली. एक पुढारी बोलून गेला, टाळ्या पडल्या, मालक आता गुडघ्यावर आलाच म्हणून. पंच मागे उभे होते. त्यांनी हात वर केला.

"एक विचारायचंय. सगळे एका दमात आत शिरलोय. परत यायचा दम कोणी राखलाय काय?"

कोणीतरी ओरडलं, "पंच, हा खेळ नाय!"

"म्हणून तर विचारतोय," ते म्हणाले आणि खाली बघू लागले.

लोकांना वाटलं, हे फुटणार, कामावर जाणार. ते शेवटपर्यंत गेले नाहीत. पुढे गिरणीनं कागदावर सह्या घेऊन लोकांना आत घ्यायला सुरुवात केली, शेजारचे दोघे तिघे पहाटे तोंड लपवून गेले, तेव्हाही नाही. गिरणीच्या दारात कोणी चुन्याची रेषा आखलेली नव्हती, पण त्यांना ती दिसत असावी. काकींची खानावळ होती. संपात जेवणारेच गावाला निघून गेले आणि ती बंद पडली. घरात मिळवतं कोणी उरलं नाही. मुलगा सुरेश, सुऱ्या, त्याच गिरणीत बदली कामगार होता, म्हणजे कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी. संपात बदलीला कोण विचारतो?

सुऱ्या माझ्याच वयाचा. आम्ही एका शाळेत, एका वर्गात. खेळायला मात्र समोरासमोर, कारण आमच्या एका चाळीत मंडळं दोन होती. गणपतीच्या मूर्तीच्या उंचीवरून कधीकाळी भांडण होऊन पुढच्या जिन्याचं एक आणि मागच्या जिन्याचं एक अशी ती फुटली होती. सुऱ्या पुढच्या जिन्यावर राहायचा, मी मागच्या. तो चढाईला, मी डाव्या कोपऱ्याला. बापानं पाय बघायला शिकवलेला पोरगा. आत शिरला की मांजरासारखा शिरायचा.

संपातली दिवाळी उलटल्यावर गल्लीत स्पर्धा झाली. कामधंदा नसलेली सगळी वस्ती कडेला उभी. आणि खुर्च्या टाकून दोन साहेब बसलेले, एका सरकारी कंपनीचे. त्यांच्या संघाला एक गडी हवा होता. नोकरी कायमची. सुऱ्यावर आणि माझ्यावर त्यांची नजर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंतिम सामना पुढचा जिना विरुद्ध मागचा जिना, आणि पंच म्हणून हेच. साहेबांपैकी एकानं शंका काढली, "मुलाच्या सामन्याला बाप पंच?" तर आमचा कप्तान म्हणाला, "साहेब, आम्हालाच हे पाहिजेत. पोराला बाद करायला टपलेलेच असतात." सगळे हसले. सुऱ्याही हसला.

शेवटची चढाई सुऱ्याची होती. गुण बरोबरीत. बरोबरी राहिली तर पहिला गुण घेणारा संघ जिंकणार असं त्या स्पर्धेत ठरलेलं, आणि पहिला गुण आमचा होता. म्हणजे सुऱ्यानं कोणालाही लावलं तर ते जिंकणार, रिकामा परतला तर आम्ही.

तो आला, उजवीकडे झुकल्यासारखं केलं आणि गिरकी घेऊन माझ्याकडे पाय टाकला. मी मागे सरलो, पण डावा पाय उशिरा आला. त्याच्या अंगठ्याचं नख माझ्या पोटरीवरून गेलं. पंच आणि माझा पाय यांच्या मधोमध आमचाच दुसरा गडी उभा होता. सुऱ्या रेषेपलीकडे पोचला आणि हात वर करून ओरडला, "लागलंय! पोटरीला लागलंय!"

मी वाकून मूठभर माती घेतली आणि पोटरीला चोळली. घाम टिपायला सगळेच तसं करतात.

पंच आले. नेहमीसारखे माझ्या पायांकडे बघत उभे राहिले.

"लागलं का?"

"नाही."

त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी माझं तोंड बघितल्याचं मला आठवतं ते तेवढंच. मग वळले आणि पोराला म्हणाले, "गुण नाही."

सुऱ्या काही बोलला नाही. बापाच्या मैदानात बोलायचं नसतं हे त्याला घरातच शिकवलेलं होतं. पुढच्या आठवड्यात मला कंपनीचं बोलावणं आलं.

पहिला पगार झाला तेव्हा मी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. पुढच्या जिन्यावरही गेलो. न जाणं दिसलं असतं. सुऱ्या गॅलरीत कठड्याला टेकून उभा होता. त्यानं पेढा घेतला, तोंडात टाकला, चावून चावून खाल्ला.

"मस्त आहे रे. कुठून आणलास?" मग बोटं पुसत म्हणाला, "पोटरी कशी आहे?"

त्यानंतर आयुष्यात त्यानं तो विषय कधी काढला नाही. तेवढं एकदाच.

तो धान्य बाजारात पोती उचलायला लागला. मांजरासारखा चालणारा पोरगा, वाकून चालायला लागला. पुढे प्यायला लागला. आणि मग त्याला कावीळ झाली. गिरणगावात त्या वर्षांत तरुण पोरांना कावीळच व्हायची. घरचे तेच सांगायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. मी तोवर डोंबिवलीला कंपनीच्या कर्जावर घर घेतलं होतं. निरोप आला तसा आलो. तिरडीला खांदा दिला. चाळीच्या बाहेर पडलो, आणि मागून पंचांचा आवाज आला, नेहमीचा, अगदी बारीक:

"तुझा डावा पाय उशिरा पडतोय. सुऱ्या हलतोय. तू मागे ये, दुसऱ्याला दे."

मी मागे आलो.

खरं म्हणजे तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच्याही आधी, पेढ्यांच्या दिवशी. नाही सांगितलं, आणि नंतर ते न सांगणंच सोयीचं होत गेलं. कारण पंचांनी माझ्या त्या एका शब्दावर आपलं घर उभं केलं होतं. काकी भांडायच्या त्यांच्याशी, सुऱ्या असताना आणि गेल्यावर जास्त. "आपल्या झिलाचा ऐकूक नाय, परक्याचा ऐकलात!" मी समोर असलो तरी. आणि ते दर वेळी तेच, तितक्याच शांतपणे: "मी विचारलं. तो नाही म्हणाला. विषय संपला." मग माझ्याकडे हात करून, "हा काय मला फसवणारे?" काकी पदरानं नाक पुसायच्या आणि मला जेवायला वाढायच्या. मी जेवायचो. त्यांना त्रास नको म्हणून गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. माझी नोकरी, माझं घर, माझ्या मुलीचं शिक्षण, सगळं त्या "नाही" मधून आलं होतं आणि मला त्यातलं काहीही हलवायचं नव्हतं.

कबड्डी टीव्हीवर आली तेव्हा पंच म्हातारे झाले होते. रंगीत दिवे, गाद्या, पायात बूट. "बूट घालून कबड्डी? उद्या छत्री घेऊन खेळतील," म्हणायचे. "पायाला माती लागत नाही तर पाय कुठे पडला हे त्याला तरी कळणार कसं?" पण एक सामना चुकवत नसत. टीव्हीपुढेही बसायचे नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात हात मागे बांधून उभे, शिट्टी ओठांत धरलेली, न फुंकता. कॅमेरा खेळाडूच्या तोंडावर गेला की चिडायचे. "तोंड काय दाखवतोस मेल्या, पाय दाखव!"

आणि देशाचा संघ खेळताना मात्र ते खुशीत असायचे. गिरणी पाडून तिथे उंच इमारत झाली होती, काकी आता त्यातल्या ऑफिसवाल्यांना डबे द्यायच्या. चाळीवर पुनर्विकासाचा बोर्ड लागून त्याचाही रंग उडाला होता. पण, "क्रिकेटात हरतील, हॉकीत हरतील," ते म्हणायचे, "ह्यात नाही. हे आपल्या मातीतनं गेलेलं आहे." ही त्यांची एकच श्रीमंती होती. आणि ती इराणनं नेली.

मी पोचलो तेव्हा चाळीच्या पायरीवर मंडळाची पोरं बसली होती. पुढचा जिना, मागचा जिना, आता एकच मंडळ. पोरंच तेवढी उरली नाहीत. कालचंच चाललं होतं.

"सेटिंग होती काका, सरळ दिसत होतं."

"रेफ्री चोर होता."

"अरे त्यांची बॉडी बघ ना! बैल आहेत बैल. त्यात काय खेळ?"

मी वर गेलो. गॅलरीतलं ते बाक अजून होतं, एका पायाखाली वीट लावलेलं. दार उघडंच होतं. पंच खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. स्वयंपाकाच्या ओट्याशी काकी पाठमोऱ्या. त्यांनी मला बघून नुसती मान हलवली.

"आलास? डावा पाय अजून उशिराच पडतो," पंच वळून न बघता म्हणाले.

मी खाटेच्या कडेला बसलो. ते म्हणाले, "बघितलास?"

"बघितला."

"पाय बघितलेस त्यांच्या कोपऱ्यातल्या पोरांचे?"

मी स्कोअर बघत होतो. तसं म्हणालो नाही.

"आपला गडी आत आला की मागे पळत नव्हती. वाट द्यायची. आणखी आत ये म्हणायची. आणि पाऊल पडलं रे पडलं की धरायची. हे आपलं आहे. हे इथं खाली चौकात करायचो आपण. शिकली ती. नीट शिकली." "गिरणीत हरलो तेव्हा म्हटलं, ठीक आहे. मालक मोठा, सरकार मोठं. पोरगा गेला. ही खोली राहील की जाईल, माहीत नाही. पण कोणी विचारलं असतं, तुम्ही लोकांनी इथे राहून केलंत काय, तर सांगायला हे एक होतं. ह्यात आपल्याला कोणी हरवत नाही. आता काय सांगू?"

"होतं पंच असं. एखादी मॅच…"

"त्याचं नाही रे!" ते पहिल्यांदा वळले. डोळे सुजले होते. "हरायला काय, कोणीही हरतं. खालची पोरं काय म्हणतात ऐकलंस? रेफ्री चोर. सेटिंग. काल मी गॅलरीतनं सांगितलं त्यांना, अरे लागलंय आपल्याला, लागलं म्हणा. हसली. लागल्यावर लागलं म्हणायचं, एवढाच तर खेळ होता आपला. बाकी काय, नुसती धराधरी. ते आमच्यानं शिकवलं गेलं नाही कोणाला." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू एक होतास. मी हिला कायम सांगतो."

ओट्याशी काकी कांदा चिरत होत्या. विळीचा आवाज येत होता.

मला वाटतं, त्यांनी हात ठेवला नसता तर त्याही दिवशी मी गप्प राहिलो असतो. त्यांची समजूत घालून, दोन घास खायला लावून, डोंबिवलीला परत गेलो असतो.

"पंच," मी म्हणालो, "मला परत एकदा विचारा."

"काय?"

"सुऱ्याच्या त्या चढाईला विचारलं होतंत ते."

विळीचा आवाज थांबला. पंचांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. खाटेचा कठडा धरून ते उठले, त्यांना वेळ लागला, मी धरायला गेलो तर हात झटकला. माझ्यापुढे उभे राहिले. मीही उभा राहिलो. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"लागलं का?"

"लागलं."

"कुठे?"

"पोटरीला. डाव्या. नख लागलं होतं. मी वरून माती चोळली."

"हां," ते म्हणाले.

तेवढंच. आधी माहीत होतं की आता कळलं, हे त्या "हां" मधून मला अजून काढता आलेलं नाही. त्यांनी छातीवरची शिट्टी चाचपली, ओठांत धरली, आणि इतकी वर्षं टीव्हीपुढे न वाजलेली ती शिट्टी वाजवली. दम नव्हता, अर्धीच वाजली. मग हात वर केला आणि दाराकडे दाखवला.

मी बाहेर आलो आणि बाकावर बसलो. बाद झालेला गडी असाच रेषेबाहेर बसतो. आपल्या बाजूच्या कोणी समोरचा गडी मारला, तरच त्याला आत बोलावतात. माझ्या बाजूनं आता खेळणारं कोणी नव्हतं. होता तो एक सुऱ्या, आणि तो समोरच्या अंगणातला होता.

आतून काकींचा आवाज आला, घोगरा.

"गेलो काय तो?"

"नाही. बाहेर बसलाय."

"बसांदे."

मग फळीवरून ताट काढल्याचा आवाज आला. एकच ताट. ते भुईवर ठेवलं गेलं, पाट सरकला, आणि पंच जेवायला बसले. ते जेवत होते, हे मी भांड्यांच्या आवाजावरून ओळखत होतो. कालपासून पहिल्यांदा.

खाली पोरं अजून रेफ्रीला शिव्या देत होती. गॅलरीतले दिवे लागले. मी उठलो नाही. मला आत बोलावलं नाही.